टपावरची टाकी

मला एका जागी बसता येत नाही. आमची आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं हिला खाली सोडलं. जेवताना मी दोनदा-तीनदा उठते, टीव्ही बघता बघता लसूण सोलते, आणि एसटीत खिडकी मिळाली तरी दोन गावं गेली की उठून उभी राहते. असल्या बाईला नवरा मिळाला तो बसणारा. म्हणजे आधी तसा नव्हता. भवानीनगरच्या अलीकडं रस्त्याकडेला आमचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवण्यात ह्यांची सगळी उमर गेली. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं वेल्डिंग बंद करायला सांगितलं, वर्कशॉप मुलानं हातात घेतलं, आणि आमचे हे अंगणातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच.

बसणं मी एक वेळ सहन केलं असतं. पण त्यांनी बोलणंच सोडलं. चहा करू का म्हटलं तर 'कर'. बारामतीला येता का म्हटलं तर 'तू जा'. मुलगा काही विचारायला आला की 'तुला पटंल तसं कर'. ट्रॉलीच्या एका कडीवरून गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालणारा हा माणूस. त्याच्या तोंडून चार शब्दांच्या वर काही निघेना. ती खुर्ची माझ्या डोळ्यांत सलायला लागली. झाडताना मी ती मुद्दाम लांब कोपऱ्यात सरकवून ठेवायची. हे उठायचे, ती परत जागेवर आणायचे आणि बसायचे. खरं सांगते, मला भीती वाटायची. हा माणूस एक दिवस असाच बसल्या बसल्या संपेल आणि मला आत स्वयंपाकघरात कळणारही नाही, असं रोज मनात यायचं.

अशात ती बोट आली.

इंदापूरकडच्या एका माणसानं उजनीच्या पाण्यात लोकांना फ्लेमिंगो दाखवत फिरवायचं म्हणून किनाऱ्यावरून जुनी मोटारबोट विकत आणली होती, केबिनची. ज्या गाड्यावर ठेवून ती चालली होती त्याचा ॲक्सल नेमका आमच्या दारात मोडला. कारखान्याचा सीझन चालू, मागं उसाच्या ट्रॉल्यांची ही रांग लागलेली, सगळे भोंगे वाजवतायत आणि मधे ही पांढरी बया आडवी. मुलानं ट्रॅक्टर लावून ती ओढून आमच्या आवारात घेतली. ॲक्सल दोन दिवसांत झाला, पण मालक काही न्यायला येईना. आला तेव्हा त्याचं मनच उडालेलं होतं. भागीदार पळाला म्हणाला. आवारात उभ्या असलेल्या नव्या ट्रॉल्यांकडं बघत तो ह्यांना म्हणाला, 'तात्या, मला ह्यातल्या दोन ट्रॉल्या द्या आन् ही तुमालाच ठेवा.'

'ठेव,' हे म्हणाले.

मला वाटलं, हेही चहाच्या वेळच्या 'कर'सारखंच. पण हे खुर्चीतनं उठले होते. बोटीपाशी जाऊन त्यांनी तिच्या पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. मुलगा माझ्याकडं बघायला लागला. त्याला बोट नको होती. मी त्याला डोळ्यानंच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला शिडी लावून बोटीत चढवलं आणि आतलं सगळं दाखवलं. किती महिन्यांनी तो माणूस सलग बोलत होता. मागं उघडी जागा, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांची झाकणं उचलली की आत सामान ठेवायची पेटी. त्याच्याही मागं पाण्यालगत एक फळी आणि घडीची शिडी, पोहून वर यायला. शेपटाला इंजिन. दोन पायऱ्या उतरून आत गेलं की केबिन. उजव्या हाताला चालवणाराची खुर्ची, स्टेअरिंग, होकायंत्र, आणि खाली पाणी किती खोल आहे ते दाखवणारा एक काचेचा पडदा. डाव्या हाताला टेबल. ते टेबल दाबून खाली बसवलं आणि वर गादी टाकली की त्याचाच पलंग. पुढं बोट निमुळती होत जाते तिथं आणखी एक झोपायची जागा, पाय दोघांचे एकत्र येतील आणि डोकी लांब राहतील अशी. तिच्यावर टपाला एक काचेचं झाकण, उघडलं की आभाळ. एक संडास, उभ्या कपाटाएवढा. त्यात बसून दार लावायचं म्हणजे गुडघे कुठं ठेवायचे, हे मी विचारलं. हे म्हणाले, 'दार आधी लाव, मग बस.'

'आन् तळात पाणी शिरलं तर?'

'आपोआप पंप सुरू हुतो. बघ.' त्यांनी तळात तांब्याभर पाणी ओतलं. खरंच पंप घुरघुरला आणि बाहेरच्या भोकातनं पाणी अंगणात पडलं. ते हसले. मी गुडघे मोडेपर्यंत वाकून तो पंप बघितला, पण खरं तर मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

मग आम्ही स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आलो. एका शेगडीचा गॅस, तळहाताएवढं बेसिन आणि एक वाकडा नळ. नळाला चावीच नाही. खाली पायाशी एक पेडल. ते दाबायचं की नळातनं पाणी येणार. मी दाबलं. फूस्स झालं आणि सुतासारखी धार आली. पाय काढला की बंद.

'ह्यात काय माझी चूळबी हुणार न्हाय,' मी म्हटलं.

'समुद्रात गोडं पाणी जपून वापरावं लागतं. म्हणून तसलं असतं ते.'

'असंल. पर आसल्या धारेखाली मी भांडी घासत बसले तर मला येड लागंल.'

मी ते बोलले आणि विसरले. मी काय, दिवसाला असल्या शंभर गोष्टी बोलते. पण ह्यांच्या ते मनात राहिलं, आणि का राहिलं तेही सांगायला पाहिजे. माझं माहेर निमगाव केतकीच्या बाजूची वस्ती. माझ्या लहानपणी तिथं ओढ्यात झरा खोदून, पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ. माझ्यासारखीला तिथं बसवून ठेवायचं म्हणजे शिक्षाच. लग्न होऊन इकडं आले तेव्हा कॅनॉलचं पाणी होतं पण घरात नळ नव्हता. ह्यांनी पहिल्या महिन्यात पत्र्याच्या घरावर लोखंडी बॅरल चढवलं, पाइप खाली सोडला आणि मोरीत मला नळ करून दिला. 'सोड,' म्हणाले. मी सोडला. धबाधबा पाणी आलं. मी नळ बंदच करीना. सासूबाई म्हणाल्या, बायकोचं कवतिक जरा कमी कर. तेव्हापासून आमच्या घरात पाणी नेहमी वरनं आणि जोरात. घर पक्कं झालं तशी टाकी मोठी झाली.

आता समुद्राचं. मी समुद्र एकदाच बघितला होता, बचत गटाच्या सहलीत. बसवाल्यानं वाळूत सोडलं, आमच्या बायका साड्या सावरत पाण्यात पाय घालतायत तोवर त्यानं भोंगा मारला. चला, पुढचं देऊळ बंद होईल. मला तिथनं हलायचंच नव्हतं. मला, जी कुठंच थांबत नाही तिला. ते पाणी एका जागी थांबतच नव्हतं, त्यामुळं मला पहिल्यांदा असं वाटलं की इथं आपण बसू शकू. ह्यांना मी हे तेव्हाच सांगितलेलं. आता बोट दारात आली म्हटल्यावर मी परत काढलं. 'एक रात्र समुद्रावर. तेवढंच. मग काय भंगारात घाला तिला.'

'जाऊ की,' हे म्हणाले. 'जरा दुरुस्त करून घेऊ, धरणात चालवून बघू, मग जाऊ.'

झालं. दुसऱ्या दिवसापासनं ती निळी खुर्ची रिकामी. सकाळी चहाचा कप घेऊन बोटीतच. मुलाच्या कामगारांना हाका मारायच्या, नट मागायचे, चुकलं की शिव्या घालायच्या. मुलगा वैतागून म्हणायचा, आई, ह्यांनी माझी दोन माणसं अडकवून ठेवलीत. मी म्हणायची, असू दे. रस्त्यानं जाणारे-येणारे आत डोकवायला लागले. शेजारचे आबा, कारखान्यातनं रिटायर झालेले, ते रोज येऊन सल्ला द्यायचे. बोटीचं दार पूर्वेला करून घ्या म्हणाले. मी म्हटलं, 'आबा, पाण्यात ती सारखी फिरत ऱ्हाणार. पूर्व कुठं धरून ठिवायची?' आबा म्हणाले, 'निघताना तरी पूर्वेला ठेवा.' हे हसून हसून बाकावर बसले.

आणि एका दुपारी मी शेतातनं आले तर बोटीच्या टपावर टाकी. काळी, गोल, झाकणाची. खाली लोखंडी अँगलचा चौरंग, तो नटबोल्टानं टपाला आवळलेला. टाकीतनं पाइप खाली गेलेला आणि त्या वाकड्या नळाच्या जागी आपला नेहमीचा पितळी नळ. बेसिनसुद्धा मोठं. ते बसवायचं म्हणून खाली कडप्पा घातलेला.

'सोड,' हे म्हणाले.

मी सोडला. तेच धबाधबा पाणी. मी हसले, चांगली मोठ्यानं हसले. पुढं हात घातला, तोंडावर पाणी मारलं, ह्यांच्या अंगावर उडवलं. म्हातारपणी शोभत नाही असलं काही. रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून ओरडला, 'तात्या, पाण्यावर बंगला बांधायला काढलाय काय?' हे त्याला हात करून आत आले. जरा वेळानं मी बघितलं तर हे बोटीच्या कडेला उभे होते आणि हातानं तिला दाबून, सोडून, परत दाबून बघत होते. गाड्याच्या स्प्रिंगा बघत असतील असं मला वाटलं.

दिवाळीनंतर धरण भरलेलं होतं तेव्हा आम्ही तिला पाण्यात सोडली. इंदापूरच्या बाजूला जिथं मच्छीमारांच्या होड्या लागतात तिथं उतार आहे. ट्रॅक्टरनं गाडा मागं मागं ढकलत पाण्यात घातला, नारळ फोडला, आणि बोट आपली आपण गाड्यावरनं उचलली गेली. माझ्या अंगावर काटा आला. पाहुणे आले होते, सगळ्यांना एकेक चक्कर पाहिजे होती, पण ह्यांनी कुणालाच घेतलं नाही. 'आज फकस्त आमी दोघंच,' म्हणाले. मला गोड वाटलं.

सरळ चालली तोवर फार छान. पाणी स्वच्छ, काठाचा ऊस मागं सरकतोय, इंजिन एका सुरात. मग डाव्या हाताला लांब उथळ पाण्यात फ्लेमिंगो दिसले. मी उठून डाव्या कडेला गेले. बोट माझ्याबरोबर कलली. कलणारच, म्हटलं. पण ती कलली आणि तिथंच थांबली. मी कठडा धरून उभी. मग हळूहळू, नाइलाजानं परत आली.

मला बोटीतलं काही कळत नाही. पण ट्रॉलीतलं कळतं. चाळीस वर्षं मी ह्यांच्याच तोंडून ऐकत आलेय. उसाची ट्रॉली भरताना गाडीवान लोक मापाच्या वर मोळ्या चढवायचे, आणि हे रस्त्यावर उभे राहून त्यांना झापायचे. 'वझं वर गेलं की गाडी तुझी न्हाय, वाऱ्याची.' वरून जड झालेली ट्रॉली वळणावर कशी कलते आणि मधेच थांबून विचार करते, ते मी अंगणातनं किती वेळा बघितलंय. ही बोट तशीच कलली होती. डोक्यावर टाकी घेऊन.

मी वळून ह्यांच्याकडं बघितलं. हे समोर बघून चालवत होते. 'इंजिनचा आवाज चांगला हाय,' म्हणाले. मी 'व्हय' म्हटलं आणि केबिनच्या पायरीवर, बरोब्बर मधोमध, येऊन बसले. माझ्या आयुष्यात मी इतकी गपगुमान कधी बसले नसेन.

सांगावं तर कसं. तोंडावर बोलून टाकायची माझी सवय, आणि इथं बोलायची सोय नाही. टाकी काढा म्हटलं की तुम्ही केलेलं चुकलं असं झालं. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्याला वजनाच्या गोष्टी शिकवल्या त्याला मी म्हणणार, तुम्हाला एवढंही कळलं नाही? मग हे काय म्हणतील ते मला पाठ होतं. 'तुला पटंल तसं कर.' आणि जाऊन खुर्चीत बसतील. ती खुर्ची अजून अंगणात होतीच.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, 'मला पैल्या दिवशीच वाटलं हुतं. पर मी बोललो तर मला वर्कशॉपातनं बाहेर काढतील. तूच बोल.' मोठा शहाणा. मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची.

दर रविवारी आम्ही धरणावर जायला लागलो. मी डबा घ्यायची, हे टाकी भरून घ्यायचे. माझा जीव नुसता टांगणीला. पाच मिनिटं बसले की पाय वळवळायला लागायचे, उठावंसं वाटायचं, आणि उठलं की बोट कलणार म्हणून परत बसायची. बोटीत मला सगळीकडं जायचं होतं. पुढच्या कठड्याला धरून उभं राहायचं होतं, मागच्या फळीवर पाय पाण्यात सोडून बसायचं होतं. पण मी मधे गाडून घेतल्यागत. वर ह्यांची तऱ्हा वेगळीच. काठाकाठानं चालवायची, हळू, वळण घेताना तर पोर झोपवल्यासारखी. वारा सुटला की लगेच परत. समुद्राचं विचारलं की कारणं. आधी म्हणाले इंजिनचं तेल बदलू. मग म्हणाले दोर नवा घेऊ. मग परवान्याचं. तो मुलानं करून आणला तर म्हणाले, आता थंडी हाय, जरा थांबू.

अजून एका गोष्टीचा मला राग यायचा. वर टाकीभर पाणी असताना हा माणूस जेवल्यावर मागच्या फळीवर वाकून धरणाच्या पाण्यात हात धुवायचा. प्यायला घरनं बाटली. ताटसुद्धा स्वतःचं तिथंच विसळायचं. 'अहो, नळ कशाला बसवलाय मग?' मी म्हणायची. 'तुला ऱ्हाऊ दे,' म्हणायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला धरणात हात घालायची हौस आहे.

फाल्गुन लागला असेल. त्या रविवारी दुपारी वारा उठला. आम्ही काठापासनं जरा आत होतो. मी कडप्प्यावर ठेवलेल्या डब्यातनं भाकरी काढत होते. तेवढ्यात लोकांना फिरवणारी एक वेगाची बोट आमच्या जवळनं सूं करून गेली, आणि तिच्या लाटा आमच्या कुशीवर आल्या. पहिलीला आम्ही कललो. परत यायच्या आत दुसरी आली. वरच्या टाकीत पाणी एका बाजूला धडकल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला, ढब्ब असा, आणि बोट आणखी कलली. डबा, ताटं, भाजी, सगळं खाली. मी गुडघ्यावर पडले, टेबलाचा पाय धरला. खिडकीत आभाळ दिसायच्या जागी पाणी दिसत होतं. ह्यांनी कसंबसं बोटीचं तोंड लाटांकडं वळवलं. ती थांबली तशीच कललेली, आणि मला वाटलं, आता जाते. मग आली परत.

हे स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरून उभे. मी उठले, बेसिनपाशी गेले आणि नळ सोडला. पूर्ण.

'अगं, पाणी वाया चाललंय,' हे म्हणाले.

'जाऊ द्या.'

'टाकी रिकामी हुईल.'

'त्याचसाठी सोडलाय.'

ह्यांनी इंजिन बंद केलं. आता फक्त नळाचा आवाज. पाणी बेसिनमधनं बाहेर धरणात पडत होतं. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल, पण धार लवकरच बारीक व्हायला लागली. टाकी भरलेली नव्हतीच. निम्मीसुद्धा नव्हती.

'तुला कवा कळलं?' ह्यांनी विचारलं.

'पैल्या दिवशी. फ्लेमिंगो बघायला उठले तवा. तुमाला?'

'टाकी बसवली त्याच दुपारी. हातानं दाबून बघितलं की.'

माझं डोकंच सटकलं. चार महिने मी ह्यांना दुखवायला नको म्हणून ओठ शिवून बसलेय, आणि ह्यांना आधीपासनं माहीत. 'मग काढली का न्हाय?' मी विचारलं. 'सगळ्या तालुक्याला वझं शिकवत फिरता. इथं काय झालं?'

ते खाली बसले, सांडलेल्या भाजीतच. 'काढणार हुतो. त्याच संध्याकाळी. पर तू नळ सोडलास आन् हसलीस. किती दिवसांनी हसलीस तशी. मी खुर्चीत बसल्यापासनं तू घरात हसल्याचं मला आठवत न्हाय.' मग म्हणाले, 'म्हटलं, ऱ्हाऊ दे टाकी. समुद्र न्हाय झाला तर न्हाय. धरणात काठाकाठानं फिरवू हिला, नळ तरी राहील. भरली तर लई जड हुती, म्हणून निम्मी भरायला लागलो. निम्मी भरली की पाणी हिंदकळतं, ते त्याहून वाईट, मी टँकर बनवणारा, मला कळत न्हाय व्हय? म्हणून अजून कमी भरायची. आन् माझं हात-ताट बाहेर धुवायचं, तुझा नळ मधेच बंद पडू नये म्हणून.'

मी तिथंच उभी. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. 'मला नळ नको हुता,' मी म्हटलं. 'घरात आठ नळ हायत. मला समुद्र पायजे हुता.'

'मग बोलली का न्हाईस? तुझ्या तोंडाला कवापासनं कुलूप लागलं?'

'तुमी परत खुर्चीत जाऊन बसला असता.'

त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. आम्हाला काय काय वाटत होतं, मी खुर्ची रोज कोपऱ्यात का सरकवायची, ह्यातलं काहीच त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं. त्यांना वाटायचं, मी झाडायला सरकवते. 'मी तर कुणाला आडवं यायला नको म्हणून तितं बसायचो,' ते म्हणाले. नळातनं शेवटचे थेंब पडले आणि फुसफुसून तो बंद झाला. मी मुद्दाम उठून डाव्या कडेला गेले. बोट कलली आणि लगेच सरळ झाली. मग उजव्या कडेला गेले. मग पुढं जाऊन कठडा धरून उभी राहिले, वारा तोंडावर घेत. परत येऊन मागच्या फळीवर बसले. ह्यांनी सांडलेली भाकरी झटकून एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी टाकी काढली. मुलानं माणूस देतो म्हटलं, पण ह्यांना धीर नव्हता. बोटीत शिडी नीट लागेना म्हणून हे तीच निळी खुर्ची वर घेऊन गेले आणि तिच्यावर उभे राहून पान्यानं नट फिरवायला लागले. मी खालनं ओरडतेय, पडाल, पडाल. शेवटचा नट निघाला आणि खुर्चीचा पाय चिरत गेला. हे टाकीला धरून राहिले म्हणून वाचले. टाकी गोठ्यावर चढवली, कडप्पा मोरीत गेला. मोडकी खुर्ची, हे तिचा पाय बांधायला दोरी मागायच्या आत, मी भंगारवाल्याच्या टेंपोत टाकली. जुना वाकडा नळ आणि पेडल ह्यांनी फडक्यात गुंडाळून जपून ठेवलं होतं. तेच परत बसवलं.

उन्हाळा तापायच्या आत आम्ही घाट उतरलो, पिकअपच्या मागं बोट. मुलगा किनाऱ्यावरच्या खोलीत राहिला. आम्ही दोघं खाडीच्या तोंडाशी, डोंगराच्या आडोशाला नांगर टाकून राहिलो. टेबलाचा पलंग केला, पण झोप कुणाला. मी दहा वेळा उठले, बाहेर गेले, आत आले, पुढं गेले, मागं गेले. बोट दर वेळी जराशी मान डोलवायची आणि सरळ व्हायची. हे म्हणाले, 'किती हिंडशील?' मी म्हटलं, 'हितं हिंडायला मिळतंय तर हिंडू द्या.' 

सकाळी चहा झाला. दोन कप धुवायचे म्हणून मी बेसिनपाशी गेले. बाहेर सगळीकडं ते हलतं पाणी, चहूकडं, आणि आत तो सुतासारख्या धारेचा नळ. मी पेडल दाबायला पाय पुढं केला तर मागनं ह्यांनी येऊन आपला पाय त्याच्यावर ठेवला होता. ते दाबत होते, फूस्स, फूस्स, एका हातानं टपाला धरून. मी एक कप धुतला, मग दुसरा. दोन्ही उपडे ठेवले. आणि हात धारेखालीच राहू दिले.

'झालं का?' त्यांनी विचारलं.

'न्हाय,' मी म्हटलं. 'दाबा अजून.'

समुद्रात गोडं पाणी जपून वापरावं लागतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं. पण ते उभे राहून दाबत राहिले, आणि मीही त्या जागेवरनं हलले नाही.